नख अडकता कामा नये

फॅमिली ग्रुपवर परवा एका पेंडंटचा फोटो टाकला तर निम्म्या लोकांनी विचारलं मीनाकाम कुठे शिकलीस, आणि उरलेले निम्मे कुंदन कुंदन म्हणून मोकळे झाले. मावशी तर म्हणाली, "छान रंगवलंयस गं." रंगवलंयस! मग म्हटलं आता एकदा नीट लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

तर हे मीनाकाम नाही. मीना म्हणजे रंगीत काचेची पूड, ती धातूवर भरून भट्टीत वितळवतात. आणि हे कुंदनही नाही, कारण कुंदनात प्रत्येक खडा आपापल्या कोंदणात वेगळा बसतो, खाली लाख, भोवती शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा दाबून दाबून बसवलेला. मी करते त्याला इनले म्हणतात. यात दगडाचे पातळ काप काढायचे, त्यांना हवा तो आकार द्यायचा, चांदीच्या चौकटीत एकमेकांना खेटून बसवायचे आणि मग सगळं मिळून एकत्र घासून पॉलिश करायचं, म्हणजे वरून एकच सपाट पृष्ठभाग दिसतो. त्याची परीक्षा एकच, डोळे मिटून त्याच्यावरून नख फिरवायचं. कुठेच अडकलं नाही तर जमलं. अडकलं तर दगड कितीही महाग असो, रंग कितीही सुंदर असो, काम कच्चं.

मी राहते ॲरिझोनात, फिनिक्सच्या जवळ. इथे रिटायर झालेल्या लोकांचे लॅपिडरी क्लब असतात, म्हणजे दगड कापणाऱ्या-घासणाऱ्यांचे. एक मोठी शेड, त्यात पाण्यावर चालणाऱ्या करवती, ग्राइंडर, एका कोपऱ्यात चांदीकामाची टेबलं, डाग द्यायचे ज्योतीचे टॉर्च, आणि सगळीकडे आजी-आजोबा. मी तिथे गेले तेव्हा चाळिशीची असूनही सगळ्यात लहान होते. शिकवणारे आजोबा आयुष्यभर ट्रक चालवत होते आणि आता फिरोजा, म्हणजे निळा टर्कॉइज, कापतात, बोलतात कमी पण तुकडा हातात घेऊन उजेडासमोर धरतात आणि नुसतं "हंऽ" म्हणून परत देतात, त्या हंऽचा अर्थ हळूहळू कळायला लागतो. आईला व्हिडिओ कॉलवर शेड दाखवली तर म्हणाली, "इंजिनियर होऊन शेवटी पाथरवट झालीस का गं?" झाले खरी.

आणि ॲरिझोना-न्यू मेक्सिको हे या कामाचं माहेरच आहे. न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यन नावाची जागा आहे, तिथल्या पुएब्लो बोनितो या जुन्या वस्तीच्या उत्खननात 1897 मधे एक बेडूक सापडला, जेट दगडाचा काळाभोर आणि डोळे फिरोजाचे, हजारेक वर्षांपूर्वीचा. आता तो न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे आहे. जेट म्हणजे खरं तर कोळशाच्याच घराण्यातला, लाकडापासून झालेला, हातात घेतला तर दगड वाटतच नाही इतका हलका. तेव्हा चांदी नव्हती, टॉर्च नव्हता, करवत नव्हती. वाळूच्या दगडावर घासून घासून तुकडे करायचे आणि पाइनच्या चिकाने नाहीतर लाखेने चिकटवायचे. हो, लाख! इथल्या वाळवंटात क्रिओसोट नावाचं झुडूप असतं, पाऊस पडला की त्याचाच वास येतो सगळीकडे, त्याच्यावर एक कीटक लाख करतो. हे वाचलं तेव्हा मला एकदम आजीची बोरमाळ आठवली, कारण तिच्याही मण्यांच्या पोटात लाखच भरलेली असते.

आत्ता जो इनले म्हणून दुकानांत दिसतो तो मुख्यतः झुनी या मूळ अमेरिकन लोकांचा. झुनी हे न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावाच्या दक्षिणेला राहतात, आणि तिथे घराघरात हे काम चालतं, आई-वडील-मुलं सगळी मिळून. गंमत म्हणजे दगडावरचा हात त्यांचा हजार वर्षांचा पण चांदी त्यांच्याकडे उशिरा आली, 1870 च्या दशकात, शेजारच्या नवाहो जमातीकडून, आणि नवाहोंनी ती मेक्सिकन कारागिरांकडून शिकली होती. त्यांचा सूर्यमुखी चेहरा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल, मधे शिंपला, भोवती फिरोजा, पोवळं आणि जेट. पांढरा, निळा, लाल, काळा. एवढ्याशा अंगठीवर तो चेहरा, डोळे-तोंडासकट, आणि नख फिरवा, अडकत नाही!

मला स्वतःला मात्र त्यांच्याइतकीच सांतो दोमिंगो, म्हणजे आता केवा म्हणतात त्या गावची गोष्ट आवडते. 1930 च्या मंदीत त्यांच्याकडे जेट घ्यायला पैसे नव्हते, मग त्यांनी गाडीच्या जुन्या बॅटऱ्यांची काळी खोकी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या कापल्या, लाल रंगासाठी प्लास्टिकच्या मोडक्या वस्तू घेतल्या, पांढऱ्यासाठी जिप्सम, आणि त्यातून पक्ष्यांचे नेकलेस केले आणि हायवेच्या कडेला बसून टुरिस्टांना विकले. आज ते बॅटरीवाले नेकलेस लोक जपून जमवतात. म्हणून कुणी मला विचारलं की अगं पण हा दगड ओरिजिनल आहे का, की मला आधी ती बॅटरीच आठवते.

बरं आता कामाकडे.

दगड मोठ्या करवतीवर कापून त्याचे स्लॅब करतात, पावाच्या स्लाइससारखे, आणि तो स्लॅब मग छोट्या ट्रिम सॉवर कापायचा. या करवतीला दात नसतात, नुसती पातळ चकती, कडेला हिऱ्याची पूड बसवलेली, आणि ती सतत पाण्यात भिजत फिरते. ती कापत नाही, घासत घासत आत जाते, म्हणून दगडात जाते पण बोटाच्या मऊ कातडीवर चटकन चालत नाही. आजोबांनी पहिल्या दिवशी फिरत्या चकतीला बोट लावून दाखवलं होतं, ते बघून मी ओरडले. घरी करून बघू नका.

स्लॅबवर आकार काढायला पेन्सिल चालत नाही, पाणी लागलं की गेली. ॲल्युमिनियमची नाहीतर पितळेची टोकदार काडी वापरतात, तिची रेघ दगडावर उमटते आणि पाण्याने जात नाही. मग रेघेच्या जरा बाहेरून कापायचं आणि उरलेलं ग्राइंडरवर घासून काढायचं. गोल व्हीलवर कड सरळ येत नाही, कुठेतरी पोट राहतंच, म्हणून कडा मी सपाट फिरणाऱ्या लॅपवर, म्हणजे आडव्या चकतीवर करते, बारीक ग्रिटवर (ग्रिट म्हणजे घासणारे कण), अगदी हलक्या हाताने. कडेला मार्कर फासायचा, लॅपवर टेकवायचा, उचलून बघायचं. शाई जिथे शिल्लक राहिली तिथे खळगा आहे, जिथे गेली तिथे उंचवटा. परत फासायचा, परत टेकवायचा. मग शेजारच्या तुकड्याला लावून दिव्यासमोर धरायचं. मधून उजेडाची तार दिसली की परत लॅपवर. हे सगळं एका कडेसाठी चाललंय, आणि त्रिकोणाला कडा तीन असतात हे लक्षात घ्या.

एक युक्ती सांगते जी मला बरीच उशिरा कळली असती पण आजोबांनी आधीच सांगितली. कड अगदी काटकोनात सरळ उभी ठेवायची नाही, खालच्या बाजूला किंचित आत घ्यायची. म्हणजे वर दोन तुकडे घट्ट भेटतात आणि खाली त्यांच्यात बारीकशी फट राहते, त्या फटीत गोंद जातो. पण जास्त आत घेतलं तर वरून घासताना दगड झिजून झिजून तुम्ही त्या फटीपर्यंत पोचता आणि इतका वेळ छान दिसणारा सांधा तुमच्या डोळ्यांदेखत उघडतो. म्हणून किंचित म्हणजे किंचितच.

चांदीचं काम त्याआधी उरकून घ्यायचं. खाली पत्रा, भोवती भिंत, हवे असतील तर मधे उभे पडदे, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचे, याला चॅनेल म्हणतात. हे सगळं सोल्डर करून, पिकलमधे, म्हणजे सौम्य ॲसिडमधे टाकून स्वच्छ करून, पेंडंटचा हूकसुद्धा लावून मगच दगडाला हात लावायचा. कारण सोल्डरला 700-800 अंश तापमान लागतं आणि दगड बसतात इपॉक्सीवर, तिला टॉर्चची धग लागली की संपलंच. दगडाची मागची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवायची, ॲसिटोनने पुसायची, आणि इपॉक्सी लावून चोवीस तास त्याच्याकडे बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे.

दगड चौकटीच्या वर थोडे आलेले ठेवतात, अर्धा मिलिमीटर वगैरे, आणि मग सगळं एकत्र खाली आणायचं, दगड आणि चांदी एका पातळीवर. आणि इथेच खरी मेख आहे, ज्यासाठी मी एवढं लिहितेय.

दगडांचा कठीणपणा सारखा नसतो. शाळेत मोह्सचं कोष्टक पाठ केलं होतं, एक म्हणजे टाल्क आणि दहा म्हणजे हिरा, आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. त्याच्यावर चांदी अडीच ते तीन. जेट तेवढाच किंवा जरा जास्त. पोवळं आणि शिंपला तीन ते चार. मॅलाकाइट, तो हिरव्या रेघारेघांचा, साडेतीन-चार. लाजवर्त म्हणजे लॅपिस पाच-साडेपाच, फिरोजा पाच ते सहा, आणि अकीक, जास्पर, आपली गारगोटी ही सगळी क्वार्ट्झच्या घरची मंडळी साडेसहा-सात. आता कल्पना करा की तुम्ही मॅलाकाइटच्या शेजारी अकीक बसवलाय आणि वरून एकच ग्रिट दोघांवर फिरतोय. मॅलाकाइट भराभर झिजतो, अकीक ढिम्म. दोन मिनिटांत अकीक वर आणि मॅलाकाइट खाली. आपल्याकडे रस्त्यात गटाराचं झाकण वर राहतं आणि भोवतीचं डांबर बसतं ना, तस्संच. याला अंडरकट म्हणतात. नख बरोबर तिथे अडकतं.

म्हणजे सांधा लॅपवर ठरतच नाही, तो दगड निवडताना ठरतो. रंग बघून दगड निवडणारे (सुरुवातीला सगळेच निवडतात) नंतर इपॉक्सीत रंग कालवून फटी बुजवत बसतात. तुम्ही दुकानात बघा, निम्म्या स्वस्त इनलेमधे दोन तुकड्यांच्या मधे काळी नाहीतर दगडाच्याच रंगाची रेघ दिसेल, ती गोंदाची असते. काही चांगले कारागीर मुद्दाम काळी रेघ ठेवतात हेही खरं, पण मुद्दाम ठेवलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते. बुजवलेली इथे केसाएवढी आणि तिथे सुतळीएवढी.

मग झुनी लोक पोवळं, शिंपला, फिरोजा, जेट एकत्र कसे बसवतात? आधी बघा की त्यांच्या चौघांत क्वार्ट्झवाला कुणी नाही. शिवाय बरेचदा मधे चांदीचा पडदा असतो, प्रत्येक दगड आपल्या खोलीत. आणि बाकी हात. दगडाखाली मऊ पॅड असेल तर तो मऊ दगडात जास्त खोल बुडतो, म्हणून कडक, सपाट, नव्या ग्रिटवर, दाब न देता. लिहायला सोपं आहे.

एकाच दगडात अंडरकट होऊ शकतो हे तर अजूनच वैतागाचं. लाजवर्त घ्या. त्यात सोनेरी ठिपके असतात ते पायराइटचे, लाजवर्तापेक्षा कठीण, आणि पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या, त्या त्याच्यापेक्षा मऊ. म्हणजे एका नखाएवढ्या तुकड्यात तीन जण तीन वेगांनी झिजतायत. वर त्याला कापताना सडक्या अंड्याचा वास येतो, गंधक असतं ना त्यात. पहिल्यांदा कापला तेव्हा सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते.

आता फोटोतल्या त्या पेंडंटबद्दल, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं.

आम्ही विदर्भातले. आईची एक करवतकाठी साडी आहे, टसरची, मधाच्या रंगाची आणि काठ लाल, काठाला करवतीसारखे दाते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, हे दाते वरून छापलेले किंवा भरलेले नसतात. तीन धोट्यांवर विणतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि दरवेळी काठाचा धागा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवतात, तेव्हा एकेक दाता होतो. म्हणजे तिथेही सगळी करामत सांध्यातच. मला झुनी सूर्यमुखी करायचाच नव्हता, तो त्यांचा आहे, त्यामागे त्यांचं काही आहे, मी आपली चार यूट्यूब व्हिडिओ बघून तो का उचलावा? करवतकाठ मात्र माझा आहे.

लाल म्हटल्यावर पहिल्यांदा पोवळंच डोक्यात येतं. पण टसरच्या रंगाला मला आजोळच्या शेतातल्या गारगोट्या वापरायच्या होत्या. वर्धा जिल्ह्यातली काळी जमीन, खाली सगळा बेसॉल्ट, त्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या त्यात सिलिका साचून साचून झालेल्या या गारगोट्या, नांगरटीनंतर पाऊस पडून गेला की चमकतात. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासायचो आणि ठिणगी पडते का बघायचो. त्यातल्या काही मधाच्या रंगाच्या, अर्धपारदर्शक, कापल्यावर आत बारीक पट्टे. सुटकेसमधे लोणच्याच्या बरणीशेजारी बसून आल्या. तर गारगोटी सात, म्हणजे लालही सातच्या आसपासचा हवा, म्हणजे पोवळं बाद, लाल जास्पर. दोघं एकाच घरातले, एकाच वेगाने झिजणारे. जास्परचा लाल पोवळ्यासारखा झगझगीत नसतो, विटेकडे झुकतो, पण आईच्या साडीचाही आता तसाच झालाय.

मधे चांदीचे पडदे ठेवायचे की नाही यावर क्लबमधे दोन तट पडले. पडदा ठेवला तर सोपं, प्रत्येक दात्याला कुंपण मिळतं. पण सात कठीणपणाच्या दगडांच्या मधे तीनची चांदी म्हणजे चांदीच आधी झिजणार, आणि सगळ्या दगडांच्या मधे नाल्या तयार होणार. शिवाय साडीत लाल आणि मधाळ रंगाच्या मधे कुणी पांढरी रेघ ओढलेली नाही. म्हणून चौकट फक्त बाहेरून, आत दगडाला दगड.

त्रिकोणाची टोकं हा वेगळाच छळ. क्वार्ट्झ ठिसूळ, टोक जितकं अणकुचीदार तितकं ते उडायला टपलेलं. व्हीलवर टोक आलं की टक्कन आवाज येतो आणि दाता बोथट. मग समोरचा मधाळ दाताही त्याच मापाने कमी करा, नाहीतर तिथे भोक. शेवटी टोकाकडचा भाग मी मशीनवर केलाच नाही, हिऱ्याच्या छोट्या कानशीने, पाण्यात बुडवून, हाताने. एका बाजूने सुरुवात करून एकेक दाता बसवत जायचं आणि शेवटचा तुकडा उरलेल्या जागेच्या मापाचा, तो सगळ्यात कठीण, कारण आधीच्या सगळ्यांच्या केसाकेसाच्या चुका बेरीज होऊन त्याच्या वाट्याला येतात. तो वरून दाबल्यावर सरकत सरकत बसला आणि बोटाने ढकलून परत निघेना, तेव्हा आजोबांनी उजेडासमोर धरलं आणि हंऽ म्हणाले. हा चांगला हंऽ होता. पॉलिश सेरियम ऑक्साइडने, चामड्यावर. क्वार्ट्झला सेरियम लागलं की आधी काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एकदम काचेसारखी चमक येते.

यात एक गोष्ट मी कुणाला हसत सांगत नाही, ती म्हणजे धूळ. गारगोटी, अकीक, जास्पर हे सगळं सिलिका आहे आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो, आणि त्याला औषध नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचं काम किती जुनं आहे, तिथून जवळच्या लोथलला हडप्पा काळातला मण्यांचा कारखाना सापडलाय, आणि आजही तिथे घरोघर अकीक घासतात. कोरडा घासतात. घासणाऱ्यांना तर सिलिकोसिस होतोच, पण शेजारीपाजारी राहणाऱ्यांना पण होतो, अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने यावर अभ्यास केलेले आहेत. आपण ऑनलाइन जे चकचकीत अकीकचे खडे चणेफुटाण्याच्या भावात घेतो त्यातले बरेच त्या घरांतून आलेले असतात. म्हणून कुणी मला विचारलं की घरी बाल्कनीत ड्रेमेल (हातात धरायचं छोटं ग्राइंडर) घेऊन सुरू करू का, तर माझं उत्तर ठाम असतं, पाण्याशिवाय अजिबात नाही आणि मास्कशिवाय पाण्यानेही नाही. मॅलाकाइट आणि फिरोजात तांबं असतं, शिंपल्याची धूळही वाईट. आमच्या शेडमधे कोरडं घासताना कुणी दिसलं तर हे शांत आजोबा इतके ओरडतात की विचारू नका.

हां, फिरोजाचं राहिलं. इथे येणारे आपले पाहुणे सेडोना या टुरिस्ट गावाला जातात आणि फिरोजा घेऊन येतात आणि मला विचारतात नॅचरल आहे ना? इथला फिरोजा तांब्याच्या खाणींतून निघतो. ग्लोब गावाजवळची स्लीपिंग ब्यूटी खाण, ते स्वच्छ आकाशी निळं, तिथून फिरोजा काढणं 2012 मधे बंद झालं, तेव्हापासून भाव चढेच. नॅचरल म्हणजे काही न करता कापता येईल असा कठीण फिरोजा, तो फारच थोडा निघतो. बाकी खडूसारखा ठिसूळ असतो, त्यात दाब देऊन राळ भरतात, त्याला स्टॅबिलाइज्ड म्हणतात. लोक हे ऐकून नाक मुरडतात, पण इनलेसाठी मी स्वतः तोच घेते, कारण दोन मिलिमीटरच्या कापात खडूवाला फिरोजा हातात भुगा होतो. फक्त विकताना तसं सांगायचं. खरी फसवणूक पुढची, पांढरा हाउलाइट नाहीतर मॅग्नेसाइट निळा रंगवलेला, किंवा ब्लॉक म्हणून मिळतं ते, त्यात बरेचदा दगडच नसतो, नुसतं प्लास्टिक, कापताना वासच सांगतो. सगळे तुकडे एकाच निळ्याचे, एकही शीर नाही आणि किंमत दोन कॉफींएवढी, असं असेल तर कौतुक करा आणि पुढे चला.

आणि इथे 1990 चा कायदा आहे, की मूळ अमेरिकन कारागिराने केलेलं नसेल तर 'इंडियन मेड' असं भासवून विकता येत नाही, पहिल्या गुन्ह्यालाच अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे माझा पासपोर्ट काहीही म्हणो, क्लबच्या सेलमधे माझ्या पेंडंटखाली तो शब्द मी लिहीत नाही. कायदा योग्यच आहे, आयात केलेला माल तसा खपवणारे खूप झालेत.

फेब्रुवारीत टूसानला जेम शो असतो, 1955 मधे एका शाळेत सुरू झाला होता आणि आता गावभर तंबू आणि हॉटेलच्या खोल्या भरून चालतो. तिथे जयपूरचे व्यापारी असतातच, पण मला मजा वाटते ती आपल्या झिओलाइटवाल्यांची, म्हणजे बेसॉल्टच्या पोकळ्यांत होणारे स्फटिक विकणाऱ्यांची. जळगाव, पुणे, नाशिककडचे स्फटिक काचेच्या कपाटात, आणि जगभरचे लोक समोर वाकून बघतायत. पुण्याच्या वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट तिथे राजासारखा बसलेला असतो, इतका निळा की खोटा वाटावा. मी एका वर्षी फार वेळ त्याच्याकडे बघत उभी होते, इनलेमधे कसा दिसेल म्हणून. पण बारीक सुयांचा झुबका आणि कठीणपणा जेमतेम तीन-चार, व्हीलला लावला तर निळं पाणी होऊन जाईल. तो कपाटातच बरा. भारतात असाल तर सिन्नरच्या गारगोटी म्युझियममधे जाऊन या, लहान मुलांना घेऊन जा.

आता ज्यांना ज्यांना मी काही दिलंय किंवा देणार आहे त्यांच्यासाठी, कारण परवाच एका मैत्रिणीने कानातल्यांचं विचारलं. चांदी काळी पडली की आपल्याकडे चिंच लावतात, लिंबू लावतात, नाहीतर टूथपेस्टने खसाखसा घासतात. इनलेला यातलं काहीही करायचं नाही. पोवळं, शिंपला, मॅलाकाइट हे कार्बोनेट आहेत, आंबट लागलं की विरघळतात, पॉलिश गेलं तर ते परत आणायला मलाच बसावं लागेल. कोमट पाणी, थोडा साधा साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं, बस्स. अत्तर-सेंट आधी, दागिना नंतर. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनमधे टाकू द्यायचं नाही. आणि हूक तुटला म्हणून गावातल्या सोनाराकडे नेलंत तर तो सवयीने आधी टॉर्च पेटवेल, त्याच्या हातात द्यायच्या आधी सांगा की दादा, यातले दगड चिकटवलेले आहेत. नाहीतर सरळ मला पाठवा, शनिवारी मी शेडमधेच असते.